पिच्चर तुमचा, बोलणं आमचं

लग्न होऊन मी परळीला आले, त्यानंतरचे सात-आठ महिने मी त्या घरात एकदाही मोठ्यानं हसले नव्हते. कुणी छळत होतं असं अजिबात नाही. घर चांगलं होतं, पण माणसं कमी आणि जी होती ती कमी बोलणारी. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आमचं भुसार मालाचं दुकान आहे. तूर, ज्वारी, सोयाबीन घ्यायचं, पोती भरायची आणि गाड्यांनी पुढं पाठवायची, असा धंदा. मोठे भाऊजी आणि माझे मिस्टर सकाळी नऊला दुकानावर जायचे, एक वाजता जेवायला घरी आणि दोनला परत. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. त्यामुळं दिवसभर घरात आम्ही दोघी जावाच. अक्कांची दोन मुलं शाळेत असायची.

अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठ्या, माहेर गेवराईकडचं. पुरुषमाणसं घरात असली की त्यांच्या तोंडून ‘वाढू का’ आणि ‘बास का’ याच्यापलीकडं शब्द निघायचा नाही. माझ्याशीही कामापुरतंच बोलायच्या. दोरीवरचे कपडे झटकून घे, थर्मलची राख बसलीय. दूध उतू जाईल, बघ. मला वाटायचं, बाईंचा स्वभावच असा असेल. मी माहेरी बडबडी म्हणून नावाजलेली होते. इथं येऊन माझीच जीभ जड झाली होती.

एका दुपारी सगळं आवरल्यावर आम्ही टीव्ही लावला. दक्षिणेतला, हिंदीत डब केलेला एक मारधाडीचा पिक्चर चालू होता. मी भिंतीला टेकून बसले होते, अक्का परातीत डाळ निवडत होत्या. पडद्यावर हिरोनं एका हातानं जीप उचलली आणि गुंडांच्या अंगावर फेकली. अक्कांनी चष्म्यावरून पडद्याकडं पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या,

“जीप उचलली, पन शर्टाची इस्त्री मोडली न्हाई बघ. आमच्या ह्यांनी दारातून सिलेंडर आत आनला तर बनियन बदलावं लागतं.”

मला आधी कळलंच नाही की हे माझ्यासाठी आहे की टीव्हीसाठी. मग मी जी हसले ती हसतच सुटले. अक्का मात्र हसल्या नाहीत. एक खडा उचलून बाजूला ठेवला आणि पुढं म्हणाल्या, “आता चाळीस जन आलेत. पन रांग बघ कशी. एकाचा मार खाऊन झाल्याशिवाय दुसरा पुढं येत न्हाई. रेशनला एवढी शिस्त पाळली असती तर कुनी धक्काबुक्की केली नसती.”

पिक्चर संपेपर्यंत त्या बोलत राहिल्या. हिरोची आई मरायला टेकली तेव्हा म्हणाल्या, “बाई पंधरा मिनिटं झाली मरायलीय. आमच्या गावात एवढ्या वेळात पाव्हणे येऊन, चहा पिऊन माघारी गेले असते.” हिरॉइन बर्फात पातळ साडी नेसून नाचायला लागली तेव्हा खरोखर कळवळून म्हणाल्या, “अगं, हिला कुनी शाल तरी द्या. आन् त्याला बघ, जाकीट घालून नाचायलाय. लाज न्हाई.”

चार वाजता मुलं शाळेतून आली आणि अक्का पुन्हा गप्प झाल्या. पण मला त्या घरात माणूस सापडलं होतं. त्यानंतर दुपारचं जेवण आवरायची मला घाई व्हायला लागली.

त्याच सुमाराला माझ्या धाकट्या बहिणीला दिवस गेले होते. ती आष्टीला दिलेली. आधी एकदा तिचं पोट पडलेलं होतं, म्हणून डॉक्टरांनी पाचव्या महिन्यापासून तिला पलंगावरून उठायचं नाही असं सांगितलं. ती रोज फोन करायची आणि रोज रडायची. मी काय सांगणार? धीर धर, होईल सगळं नीट, असं म्हणायचे. तिलाही ते पाठ झालं होतं.

मला वाटलं, हिला अक्का ऐकवाव्यात. मी काही न सांगता एका दुपारी फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि फोन उशीमागं ठेवून दिला. अडीच तासांचं ते रेकॉर्डिंग होतं. त्यात कुकरच्या चार शिट्ट्या होत्या, कोळशाच्या मालगाडीचा भोंगा होता, मागं पिक्चरचा सगळा गोंगाट होता आणि त्यातून वाट काढत अक्कांचा आवाज होता. मी ते बहिणीला पाठवलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. “ताई, ही बाई कोन हाय? आन् ती कोनत्या पिच्चरवर बोलायलीय ते आधी सांग.”

तिनं दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या फोनवर तोच पिक्चर लावला, नेटवर फुकट बघायला मिळतो तसा, आणि स्वतःच्या फोनवर अक्कांचा आवाज. दोन्ही एकदम चालू केलं. पण माझ्या रेकॉर्डिंगमध्ये पिक्चरचाही आवाज होता, त्यामुळं हिरो प्रत्येक वाक्य दोनदा बोलायला लागला. शिवाय टीव्हीवर जाहिराती होत्या आणि तिच्या फोनवर नव्हत्या. तिकडं हिरॉइन लग्न करून मोकळी झाली तरी इकडं अक्का तिच्या साखरपुड्यावरच बोलत होत्या. तरीही ती हसली. “डॉक्टरला विचारून घेते,” म्हणाली, “हसायला परवानगी हाय का.”

आता अक्कांना सांगणं भाग होतं. मी घाबरत घाबरत सांगितलं आणि थोडं ऐकवलं. त्या स्वतःचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होत्या.

“असा हाय माझा आवाज?” त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. “मला वाटायचं, बरा असंल.” थोडा वेळ परातीतल्या डाळीत बोटं फिरवत राहिल्या. मग विचारलं, “हसली का पन ती?”

“हसली.”

“किती वेळा?”

मी मोजलं नव्हतं. पण त्या प्रश्नावरून मला कळलं की काम पुढं चालणार.

मग आम्ही ते नीट करायला लागलो. पहिला घेतला तो जीपवालाच पिक्चर, अक्कांच्या इस्त्री-शालीच्या वाक्यांसकट. पिक्चर टीव्हीवर बघायचा नाही, माझ्या फोनवर बघायचा. एक इअरफोन, त्याची एक गोळी अक्कांच्या कानात आणि एक माझ्या, म्हणजे पिक्चरचा आवाज बाहेर येत नाही. रेकॉर्डिंगला अक्कांचा फोन. पंखा बंद, कारण पंख्याची घरघर आमच्यापेक्षा मोठी यायची. परळीतल्या एप्रिलमध्ये दार लावून, पंखा बंद करून आम्ही दोघी पदरानं घाम पुसत बोलत बसायचो. सुरुवातीचं वाक्य अक्कांनीच बसवलं: “पिच्चर तुमचा, बोलणं आमचं. सिगरेट-तंबाखूची पाटी गेली की दाबा. तीन, दोन, एक, दाबा.” आणि मध्ये मध्ये त्या तपासून घ्यायच्या. “आता हिरॉइनीनं दार आपटलं. तुमचं दार अजून उघडं असंल तर आमाला जरा थांबवा. तुमचं आधीच आपटून झालं असंल तर तुमी थांबा, आमी आलोच.”

बहिणीचे त्या चार महिन्यांत आमच्याबरोबर अकरा पिक्चर बघून झाले. तिला मुलगी झाली, वजन चांगलं, रडणं दणदणीत. बहिणीची सासू मला फोनवर म्हणाली, “तुमच्या जाऊबाईंना सांगा, ही पोरगी त्यांच्या आवाजावर वाढलीय.” मी सांगितलं. अक्का म्हणाल्या, “मग तिला पहिलं वाक्य ‘दाबा’ येईल.”

तोवर ते रेकॉर्डिंग बहिणीच्या फोनमधून शेजारणींकडं गेलं होतं. त्या गल्लीतल्या अर्ध्या बायका दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्यांच्याबरोबर आमचा आवाज कारखान्यावर गेला. एकदा तोडकऱ्यांच्या कुठल्यातरी अड्ड्यावरून एका बाईनं बहिणीच्या फोनवर आवाजात निरोप पाठवला. पाऊस झाला म्हणून तोड बंद होती, दहा-बारा जणी पाचटाच्या एका कोपीत बसून एका फोनवर पिक्चर आणि दुसऱ्यावर आम्ही, असं बघत होत्या. मागून हसण्याचा कल्ला येत होता. ती एवढंच म्हणाली, “बाई, ती शाल द्या म्हनलात ना, ते इथं सगळ्या म्हनायल्यात. थंडी लई हाय.” अक्कांनी तो निरोप तीनदा ऐकला. मग उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

आमची नावं आम्ही कुठंच सांगितली नव्हती. लोक ‘त्या दोघी जावा’ म्हणायचे आणि निरोप बहिणीमार्फत पाठवायचे. माझ्या मिस्टरांना ठाऊक होतं, त्यांना गंमत वाटायची. मोठ्या भाऊजींना मात्र काही माहीत नव्हतं.

असं दीडेक वर्ष चाललं. मग एके दिवशी गेवराई तालुक्यातल्या एका खेड्यातून एक निरोप आला. आवाज पन्नाशी ओलांडलेल्या बाईचा, जरासा खरखरीत. मी आणि अक्कांनी तो एकत्रच ऐकला.

“नमस्कार. मी तुमच्या दोघींचं समदं ऐकती. सून लावून देती मला. मला सहा वर्सं झाली, दिसत न्हाई. काचबिंदू झालता, लवकर कळलं न्हाई. तवापासून पिच्चर लावला की घरातले बघायचे आन् मी नुसती आवाज ऐकायची. कोन आलं, कोन गेलं, काय कळायचं न्हाई. सारखं विचारलं की पोरं वैतागतात. तुमी पहिल्यांदा सांगितलंत की त्या हिरोचा शर्ट निळा हाय आन् चार बटनं उघडी हायत. लई बरं वाटलं. पन एक सांगू का? मारामारी आली की तुमी दोघी नुसत्या हसत बसता. समदे हसतात. काय झालं ते मला कुनी सांगत न्हाई. तेवढ्यापुरती मी मागं राहती. तेवढं बघा.”

 तिसऱ्या दिवशी चहा गाळताना अक्का म्हणाल्या, “आपुन लोकाला हसवायलोत, आन् एकीला दाराबाहेर बसवलं.”

“आपल्याला कुठं माहीत होतं, अक्का?”

“आता माहीत झालं ना.”

तिथून आमची खरी परीक्षा सुरू झाली. जे दिसतं ते सांगायचं आणि विनोदही मारायचा, दोन्ही एका दमात होत नव्हतं. अक्का सांगायला लागल्या की त्यांचा आवाज बातम्या वाचल्यासारखा व्हायचा. “हिरोने उजव्या हाताने ठोसा मारला. गुंड पडला.” मलाच झोप यायची. चार-पाच दुपारी वाया गेल्या. शेवटी आम्ही वाटणी केली. दिसतं ते मी सांगायचं, झटपट, आणि त्याच्यावर अक्कांनी बोलायचं.

मी म्हणायचे, “हिरो पळत येतोय, भिंतीवर पाय ठेवून उडी मारली, हवेतच आहे अजून.”

अक्का म्हणायच्या, “असू दे हवेत. तवर मी गॅस बंद करून येते.”

मी: “खाली आला. तिघं पडले, चौथा तांब्याच्या घागरीवर.”

अक्का: “घागर चेपली का बघ आधी. मानूस काय, उठंल.”

आणि गंमत म्हणजे, त्यामुळं आमचे पिक्चर जास्त चांगले झाले. मला तोपर्यंत वाटायचं की विनोद अक्कांचा आणि मी नुसती हसायला. आता मला काम मिळालं होतं. बघायचं कसं, हे मी त्या बाईंमुळं शिकले. साडीचा रंग, दार कुठल्या बाजूला, कोण कुणाकडं न बघता बोलतोय. आधी हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरून जायचं, पण मी ते बघत नव्हते. बाईंचा निरोप आला, “आता मी सगळ्यांच्या संगंच हसायली.” मी तो अजून जपून ठेवलाय.

मग ते झालं, ज्याची मला आतून भीती होती.

एका पिक्चरमध्ये हिरॉइनीचा बाप फार कडक दाखवला होता. तो एक डोळा बारीक करून बघायचा. अक्का बोलण्याच्या भरात म्हणाल्या, “आमच्याकडं बी एक हायत. डाळीत मीठ कमी पडलं की तोंडानं बोलत न्हाईत, असाच डोळा करतात. मग आपन समजायचं आन् मीठ न्यायचं.” मला हसू आवरलं नाही. ते वाक्य तसंच गेलं. कापून टाकावं हे दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही.

आठवड्यानं भाऊजी नेहमीसारखे एकला जेवायला आले. माझे मिस्टर बाहेरगावी होते. अक्का वाढत होत्या, मी पोळ्या करत होते. त्यांनी डाळ-भाताचा एक घास खाल्ला आणि म्हणाले,

“आज मीठ बरोबर हाय. डोळा करायची गरज न्हाई.”

अक्कांच्या हातातला डाव तसाच भांड्यावर राहिला. तव्यावरची माझी पोळी करपली.

भाऊजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. खाली बघून म्हणाले, “दुकानात हमाल पोत्यावर बसून जेवायलते. एकाच्या फोनवर लावलं होतं. सगळे हसले. आधी मी बी हसलो. मग ध्यानात आलं, आवाज कुनाचा हाय.” पाणी प्यायले. “त्यांना कळलं न्हाई. पन मला तर कळलं ना.”

ते अर्धं जेवण ठेवून उठले. वीस वर्षांच्या संसारात ते ताटावरून उठलेले अक्कांनी पाहिले नव्हते.

त्या दुपारी अक्का म्हणाल्या, “बंद.” मी इअरफोन गुंडाळून कपाटात ठेवला. घरात पुन्हा ‘वाढू का’ आणि ‘बास का’ सुरू झालं. आता तर ते ऐकायला जास्तच वाईट वाटायचं, कारण त्यामागं काय दडलंय ते मला माहीत होतं. दीड महिना गेला. लोकांचे निरोप यायचे, नवीन कधी, बंद कावून केलं. मी उत्तर द्यायचे नाही.

मग गेवराईच्या बाईंचा निरोप आला. त्यांनी नवीन पिक्चर कधी, असं विचारलंच नाही. “तुमच्या दोघींची तब्येत बरी हाय ना? सून म्हनली, कामात असतील. मला वाटलं, कुनी आजारी तर न्हाई? बोलनारीचा आवाज मागच्या टायमाला जरा बसल्यासारखा वाटला. काळजी घ्या. काढा घ्या.”

अक्कांचा आवाज त्या वेळी खरोखर बसला होता. सर्दी होती. रोज समोर असून ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना भाऊजींच्या ताटात भाकरी वाढून अक्का तिथंच उभ्या राहिल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. माझे मिस्टर ताटात बघत बसले.

“तुमच्या डोळ्याचं बोलले ती चूक झाली,” अक्का म्हणाल्या. “घरातलं बाहेर न्यायला नको होतं. ते मी मागं घेते. पन बोलले, ती चूक झाली न्हाई. ते मागं घेत न्हाई.”

एवढं लांब वाक्य अक्कांनी पुरुषांसमोर बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. 

भाऊजींनी विचारलं, “ऐकतं कोन हे?”

मी फोन आणला आणि बाईंचा पहिला निरोप लावला, मग कालचा. भाऊजी भाकरी हातात धरून ऐकत होते. “परत लाव,” म्हणाले. मी परत लावला.

“हिला दिसत न्हाई, आन् ही पिच्चर बघती?”

“आमी सांगतो ना,” अक्का म्हणाल्या.

भाऊजींनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मग जरा चिडूनच म्हणाले, “काय सांगता? त्या पिच्चरमधी पुलावरून खाली गेली ती दहा टायरी गाडी होती. तुमी टेम्पो म्हनालात. ती बाई काय समजली असंल? टेम्पोत पन्नास मानसं बसतात का?”

आम्ही दोघी एकमेकींकडं बघायला लागलो. ती गाडी पिक्चरच्या अगदी शेवटाला होती. डोळ्याचं वाक्य अर्ध्या तासाच्या आत येऊन गेलं होतं. म्हणजे भाऊजींनी ते सगळं, अडीच तासांचं, पिक्चर लावून शेवटपर्यंत ऐकलं होतं. माझ्या मिस्टरांना ठसका लागला आणि ते पाणी घ्यायला म्हणून उठून गेले.

“माझा डोळा न्हाई, माझं जेवन न्हाई,” भाऊजी म्हणाले. “बाकी करा. आन् गाडीचं काही असलं तर विचारत जा.”

तेव्हापासून आम्ही पिक्चर एकदा आधी बघून ठेवतो आणि गाड्यांची यादी करतो. भाऊजी जेवताना सांगतात. त्यात त्यांना कधी हसू येत नाही, ते फार गंभीरपणे सांगतात.

गेल्या फाल्गुनात अक्कांना माहेरी जायचं होतं. मला म्हणाल्या, “तू बी चल. त्या बाईंचं गाव तिथून जवळच हाय.” आम्ही एसटीनं माजलगावमार्गे गेलो. माहेरी मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या भावानं आम्हाला त्या गावात सोडलं.

पत्र्याचं घर, पुढं सारवलेलं अंगण. सून बाहेर आली आणि आम्ही कोण हे सांगायच्या आधीच आतून आवाज आला, “आल्या का गं दोघी?” अक्कांनी दारातच ‘चप्पल कुठं काढू’ असं विचारलं होतं, तेवढ्यावर त्यांनी ओळखलं. बाई उंच, ताठ, हिरवं लुगडं. अक्का तर एकदम लाजल्या. फोनमध्ये एवढं बोलणारी बाई तिथं पदराचं टोक पिळत बसली. चहा झाला, शेंगदाणे झाले, घरची चौकशी झाली, तरी अक्का मोकळ्या होईनात.

बाईच म्हणाल्या, “सूनबाई, पिच्चर लाव. पन ह्यांचा आवाज लावू नको.”

मला वाटलं, आता अक्कांना समोर बसून बोलावं लागणार. पण पिक्चर सुरू झाला आणि बोलायला लागल्या त्या बाई.

“आता थांबा. निळा शर्ट आला का? चार बटनं. आता तो वळंल, आन् ह्या म्हनतील, इस्त्री मोडली न्हाई.” आमची वाक्यं त्यांना पाठ होती, ती त्या आमच्यापेक्षा चांगली म्हणत होत्या. थोड्या वेळानं आमची संपली आणि त्यांची स्वतःची सुरू झाली. हिरोची आई मरायला लागली तेव्हा म्हणाल्या, “अक्का पंधरा मिनिटं म्हनतात. साडेसहा हायत. मी मोजलीत, मला दुसरं काम काय हाय?”

मग खलनायक आला आणि त्या हसायलाच लागल्या. “तुमाला एक सांगू? तुमच्या ध्यानात आलं न्हाई अजून. ह्या पिच्चरमधी खलनायक, हिरोचा बाप आन् तो पोलीस, तिघांचा आवाज एकाच मानसानं काढलाय. खोकला ऐका, तिघांचा एकच. एकच मानूस स्वतःला धमकी द्यायलाय, स्वतःच घाबरायलाय, आन् शेवटी स्वतःच स्वतःला पकडून न्यायलाय. हिरो कशाला पाहिजे मधी?”

अक्कांनी डोळे मिटून ऐकलं. खरंच एकच आवाज. तो पिक्चर आम्ही कितीतरी वेळा पाहिला होता. अक्का हसायला लागल्या, आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, मग मांडीवर हात मारून. एवढ्या वर्षांत मी अक्कांना लोकांना हसवताना पाहिलं होतं. कुणीतरी त्यांना हसवतंय, हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी पडद्याकडं बघायचं सोडून त्यांच्याकडंच बघत होते. सून दारात उभी राहून डोळे पुसत होती. म्हणाली, “आमच्या आत्याबाई आधी अशाच होत्या. डोळे गेल्यावर बोलायच्या बंद झालत्या.”

निघताना बाईंनी अक्कांचा हात धरला आणि म्हणाल्या, “अगं, तू अशी गप कावून बसतीस मानसांत?” अक्का म्हणाल्या, “सवय न्हाई.” बाई म्हणाल्या, “मग लाव.”

आता आम्ही तिघी आहोत. बाई फोनवर असतात, त्यांची सून तिकडं पिक्चर लावते, आम्ही इकडं. मी दिसतं ते सांगते, अक्का त्याच्यावर बोलतात आणि आवाजातली खोट बाई पकडतात. कुठं कुत्र्याचं भुंकणं दोन पिक्चरमध्ये एकच आहे, कुठं हिरॉइन रडते तेव्हा नाक चोंदलेलं नाही, म्हणजे खोटी रडतेय. लोकांना आमच्यापेक्षा त्या बाईच जास्त आवडतात. अक्कांना याचा जराही हेवा वाटत नाही.

त्या भेटीनंतर परतीच्या एसटीत मी अक्कांना सांगायचा प्रयत्न केला होता. की तुम्ही त्या दुपारी तोंड उघडलं नसतं तर मी या घरात कशी राहिले असते मला माहीत नाही. की माझ्या बहिणीची मुलगी, त्या कोपीतल्या बायका, या बाई, हे सगळं मला तुमच्यामुळं मिळालं. दोन वाक्यांत जमलं तेवढं बोलले. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. शेतात करडई काढणीला आली होती.

“मी काय केलं?” त्या म्हणाल्या. “मी तर सासरी आल्यापासून मनातल्या मनात बोलायलेच की. तू हसलीस म्हनून ते बाहेर आलं. तुझ्या आधी कुनी हसलंच न्हाई.”

मग पिशवीतून बाईंनी दिलेले शेंगदाणे काढले, अर्धे माझ्या ओंजळीत ओतले आणि माजलगाव येईपर्यंत आम्ही दोघी ते खात बसलो.